क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ चा बँड काही केल्या येईना. अँटिबॉडी बदलू का?

पेट्रीतली_परी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी पीएचडी करतेय, एका वनस्पतीच्या अर्कावर. वनस्पतीचं नाव बाहेर सांगायचं नाही असा मॅडमचा हुकूम आहे, तेव्हा विचारू नका. अर्क दिला की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी कमी होतात, हे एमटीटीत (रंगावरून पेशींचा चयापचय मोजणारी चाचणी) स्वच्छ दिसतं. मरणाऱ्या पेशींना चिकटणारं अ‍ॅनेक्सिन-५ लावून फ्लो (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) केला, त्यातही पॉझिटिव्ह पेशी वाढतात. आता मॅडमना वेस्टर्नवर (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायची चाचणी) क्लीव्ह्ड, म्हणजे पेशी मरताना कापला गेलेला, कॅस्पेज-३ हवाय, रिव्ह्यूअर तो मागणारच म्हणून. अँटिबॉडी सशाची आहे, अ‍ॅस्प-१७५ पाशी कापलेला तुकडा ओळखणारी. १७ आणि १९ किलोडाल्टनला बँड यायला हवेत. माझ्याकडे तिथे कोरं करकरीत. अ‍ॅक्टिन, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये यायलाच हवं ते प्रथिन, ४२ ला झकास येतं. वर पन्नासच्या आसपास एक पुसट बँड आहे, पण तो अर्क न दिलेल्या लेनमध्येही तसाच.

१२ टक्के जेल, पीव्हीडीएफ मेंब्रेन, १:१००० ने रात्रभर ४ अंशाला. कुपी आषाढीला मागवली ती नवरात्रात हातात पडली. डीलर म्हणतो, माल ओके आहे, तुमचा प्रोटोकॉल बघा. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) म्हणून महिन्याला ३७,००० मिळतात, कुपी त्याहून महाग. पुन्हा इंडेंट (खरेदीची मागणी) घेऊन मॅडमसमोर जायची हिंमत होत नाही. दुसऱ्या कंपनीची मागवू की याच कुपीवर अजून काही करून बघू?

खारघरचा_खेकडा

परीताई, कुपीला शिव्या द्यायच्या आधी चार गोष्टी सांगा.

मेंब्रेन किती मायक्रॉनचं? ०.४५ असेल तर १७ किलोडाल्टनचा तुकडा आरपार निघून मागच्या कागदात जाऊन बसतो. ०.२ घ्या. शंका असेल तर दोन मेंब्रेन एकावर एक लावून ट्रान्सफर करा आणि दोन्ही पॉन्सोने रंगवा, मागच्यावर काही दिसलं तर चोर सापडला. जेल १५ टक्के करा, १२ वर इतकं छोटं प्रथिन डायच्या रेषेला चिकटून पळतं. ट्रान्सफर बफरमध्ये मेथॅनॉल २० टक्के आहे ना?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशी गोळा करताना वरचं मीडियम काय करता? बेसिनमध्ये ओतत असाल तर पंगत उठून गेल्यावर पानं मोजण्यातला प्रकार झाला. मरू लागलेल्या पेशी तळ सोडून तरंगतात. मीडियम, पीबीएसचं धुवण, ट्रिप्सिननं सुटलेल्या पेशी, सगळं एकाच ट्यूबमध्ये घेऊन फिरवायचं.

पेट्रीतली_परी

मीडियम टाकत नाही दादा, तरंगणाऱ्या पेशी धरूनच लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) करते. मेंब्रेन मात्र ०.४५ आहे. लॅबमध्ये तोच रोल आहे, शेजारच्यांकडून ०.२ चा तुकडा मागते.

बायोबाबू

वेळ किती? अर्क देऊन ४८ तासांनी लायसेट करत असाल तर तोवर सगळा कार्यक्रम आटोपलेला असतो. कापलेला कॅस्पेज-३ कायम तसाच पडून राहत नाही, पेशी फुटली की तोही गेला. ४, ८, १२, २४ तास असा टाइम कोर्स करा.

दुसरं म्हणजे पातळ केलेली अँटिबॉडी फेकू नका. ५ टक्के बीएसएमध्ये ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ठेवली की पुन्हा वापरता येते. फक्त अझाइडचा थेंबही एचआरपीवाल्या (बँड उजळवणारा एन्झाइम जोडलेल्या) दुसऱ्या अँटिबॉडीत, म्हणजे सेकंडरीत, जाऊ देऊ नका, एचआरपी मरतं. मूळ कुपी ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे २० लाही ती गोठत नाही, त्यामुळे तिचे वाटे करत बसायची गरज नाही. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर मात्र टाळा.

सदू_सॉफ्टवेअर

मी आपला कोडवाला. धाग्याचं नाव वाचून क्लिक केलं आणि अडकलो. पेशी मरतेय हे अँटिबॉडीला कसं कळतं? अँटिबॉडी म्हणजे ती कोविडवाली ना? कुणी सांगेल का आमच्यासारख्यांना झेपेल असं?

अण्णा_मास्तर

सदूराव, बसा. रिकामपण आहे, सांगतो.

पेशी मुख्यतः दोन तऱ्हांनी मरते. मार बसला, भाजलं, तर फुटते आणि आतला माल आजूबाजूला सांडतो, सूज येते. दुसरी तऱ्हा शिस्तीची. पेशी आतून हुकूम घेते, आकसते, स्वतःचा डीएनए कापते, छोट्या पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. गर्भात आपल्या बोटांमधला पडदा असाच जातो, बेडकाच्या पिल्लाची शेपूटही. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये हा प्रकार वेगळा काढून मांडला, त्याला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात.

पुढची गंमत एका मिलिमीटरभर किड्यात सापडली, सी. एलिगन्स. तो घडताना १०९० देहपेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात. प्रत्येक किड्यात त्याच १३१! ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना यावर २००२ चं नोबेल मिळालं. हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेनं सेड-३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं की त्या पेशी मरतच नाहीत. त्याच घराण्यातलं माणसातलं एक प्रथिन म्हणजे आपला कॅस्पेज-३.

हा एन्झाइम पेशीत अखंड, निष्क्रिय असा पडून असतो. २७७ अमिनो आम्लांची साखळी. हुकूम आला की दुसरा कॅस्पेज येऊन १७५ व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लानंतर तिला कापतो. मोठा तुकडा आधी १९ किलोडाल्टनचा असतो, पुढचं शेपूट छाटलं की १७ चा. दोन मोठे, दोन छोटे तुकडे एकत्र बसले की कात्री तयार. मग ती पार्पसारखी (हे डीएनए दुरुस्तीतलं प्रथिन) शेकडो प्रथिनं कापत सुटते.

आता अँटिबॉडी. हो, कोविडमध्ये ऐकलेलीच जात. सशाला एखादा प्रथिनाचा तुकडा टोचला की त्याचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. इथे टोचलेला तुकडा असतो १७५ पाशी संपणारं टोक. अखंड कॅस्पेजमध्ये ते टोक नसतंच, साखळी तिथून पुढे चालू असते. म्हणून अँटिबॉडी अखंड प्रथिनाकडे ढुंकून बघत नाही, कापलेल्याला मात्र धरते. तिला पेशी मेल्याचं कळत नाही. कात्री तयार झाली एवढंच कळतं. या दोन गोष्टी एक नव्हेत, पण त्यावर इथली तरुण मंडळी बोलतीलच.

सदू_सॉफ्टवेअर

अण्णा, एक नंबर. म्हणजे फाइल उघडल्यावरच दिसणारा चेकसम. कळलं.

लेन_नंबर_सात

इतके प्रतिसाद झाले आणि कुणी विचारलंच नाही. परी, स्तनाच्या कर्करोगाच्या कोणत्या पेशी?

पेट्रीतली_परी

एमसीएफ-७. लॅबमध्ये सुरुवातीपासून त्याच आहेत, आधीच्या तीन थीसिस त्यांच्यावरच झाल्यात.

लेन_नंबर_सात

थांबा. इंडेंट भरू नका, ०.२ चं मेंब्रेन मागू नका, काहीच करू नका.

एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ नसतो.

कमी असतो असं नव्हे, नसतो. त्यांच्या जनुकातल्या तिसऱ्या एक्झॉनमधल्या ४७ बेस जोड्या उडालेल्या आहेत, त्यामुळे प्रथिन बनतच नाही. यानिके आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं. तुमची अँटिबॉडी जगातली सर्वोत्तम असली तरी तिला धरायला तिथे काही नाही. तुमचा कोरा ब्लॉट बरोबर आहे!

पेशी मरतात हेही खरंच. एमसीएफ-७ ला अ‍ॅपॉप्टोसिस होतो, कॅस्पेज-७ तिथे शाबूत आहे. पण त्याच पेपरात दिसलं की या पेशींमध्ये डीएनएचे शिडीसारखे तुकडे पडत नाहीत, कारण डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला मोकळं करायला कॅस्पेज-३ लागतो. म्हणजे मॅडम उद्या डीएनए लॅडर करा म्हणाल्या तर तिथेही हात चोळत बसाल.

काय करा: कापलेला कॅस्पेज-७ बघा, २० किलोडाल्टनला. पार्प बघा, तो ११६ चा ८९ होतो आणि हे काम कॅस्पेज-७ ही करतो.

पेट्रीतली_परी

😶

आधीच्या तिन्ही थीसिस उघडून बसलेय. एकीत क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ चा बँड आहे. एमसीएफ-७ मध्येच.

पेपरपंडित

मी जरा वेगळं बोलतो. एमसीएफ-७ मध्ये क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ दाखवणारे पेपर शोधायला गेलात तर ढिगानं मिळतील, बऱ्यापैकी जर्नल्समध्ये. सगळे खोटे? एका जुन्या पेपरवरून इतकं ठाम बोलू नये. पेशी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लॅबमध्ये वाढतात, बदलतात. एमसीएफ-७ चे उपप्रकार आहेत हे सर्वमान्य आहे.

लेन_नंबर_सात

पंडितजी, उपप्रकार आहेत हे मान्य. पण उडालेला डीएनएचा तुकडा पेशी वाढवत राहिल्यानं परत येत नाही. बदल त्या दिशेनं होत नाही.

मग ते बँड कशाचे? मला तीन शक्यता दिसतात. एक, कॅस्पेज-७. तो घरातलाच भाऊ, त्याच्या कापलेल्या टोकाशी शेवटची अक्षरं मिळतीजुळती आहेत, कॅस्पेज-३ चं आय-ई-टी-डी, ७ चं आय-क्यू-ए-डी. अँटिबॉडी ढिली असेल आणि जेलवर १७ आणि २० नीट वेगळे झाले नसतील तर एकाला दुसरा समजणं सोपं आहे. दोन, त्या पेशी एमसीएफ-७ नाहीतच. हे हसण्यावारी नेऊ नका. एमडीए-एमबी-४३५ वर लोकांनी वर्षानुवर्षं स्तनाचा कर्करोग म्हणून काम केलं आणि ती निघाली त्वचेच्या मेलॅनोमाची एम-१४. तीन, ०.४५ च्या मेंब्रेनवर ताणून एक्स्पोजर दिलं की कुठेतरी काहीतरी काळं दिसतंच, त्याभोवती चौकोन आखला की झालं. तिसरी शक्यता मी कुणावर लादत नाही.

पेपरपंडित

दुसरी शक्यता पटते. पण मग आधी एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या, त्याआधी कोणालाच दोष देऊ नका. पुण्याच्या एनसीसीएससारख्या ठिकाणच्या पेशीभांडारातून थेट घेतलेल्या पेशी असतील तर गोष्ट वेगळी, शेजारच्या लॅबमधून फ्लास्कमध्ये आलेल्या असतील तर प्रोफाइलशिवाय पुढे एक पाऊल टाकू नका.

लेन_नंबर_सात

हे शंभर टक्के. इथे आपलं भांडण मिटलं.

माशीमारे

आमचं काम फळमाश्यांवर, म्हणून एक पिंक टाकून जातो. हीच अँटिबॉडी माश्यांवरही सर्रास वापरतात. माणसाच्या प्रथिनाविरुद्ध बनवलेली, पण माशीच्या मरणाऱ्या पेशींमध्ये सुंदर चमकते. सगळ्यांना वाटायचं की ती माशीचा कॅस्पेज-३ सारखा एन्झाइम दाखवते. २०१० मध्ये फॅन आणि बर्गमान यांनी दाखवलं की ती खरं तर ड्रॉन्क या वरच्या पायरीवरच्या, कॅस्पेज-९ सारख्या एन्झाइमच्या कामाची खूण आहे. माशीतले कॅस्पेज-३ सारखे दोन्ही एन्झाइम काढून टाकले तरी रंग येतो! म्हणजे कुपीवरचं नाव एक आणि माशीत धरलेली वस्तू दुसरी. खूण म्हणून उपयोगी आहेच, पण निष्कर्ष कशाबद्दल काढायचा तेवढं बदलतं.

अण्णांच्या शेवटच्या ओळीलाही जोड देतो. माशीत शुक्राणू एकमेकांपासून सुटे होताना कॅस्पेज लागतात आणि तिथे पेशी मरत नाही. कॅस्पेज चालू होऊन गेल्यावरही, कारण दूर केलं की सावरणाऱ्या पेशी आहेत, त्यावर अ‍ॅनास्टॅसिस नावाचं अख्खं काम उभं आहे. तेव्हा या अँटिबॉडीच्या एका बँडवरून ‘पेशी मेली’ असं लिहू नये.

बायोबाबू

माशीमारेंना +१. आणि एमटीटीचंही तेच. एमटीटी पेशीचा चयापचय मोजतं, मरण नव्हे. पेशी नुसत्या वाढायच्या थांबल्या तरी रंग उतरतो.

कुपीवाली

मी अँटिबॉडीच्या बाजूनं बोलते, तिच्या नावानं खडे फोडणं मला ऐकवत नाही.

२०१५ मध्ये नेचरमध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी ११० सह्यांनिशी लिहिलं होतं की अँटिबॉडी त्यांच्या डीएनए क्रमावरून ओळखल्या जाव्यात आणि रिकॉम्बिनंट पद्धतीनं बनाव्यात. कारण सरळ आहे. सशाची पॉलिक्लोनल म्हणजे एका सशाच्या रक्तातलं मिश्रण, तो ससा गेला की तीच अँटिबॉडी पुन्हा मिळत नाही, पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा. परी, तुमच्या डेटाशीटवर पॉलिक्लोनल आहे की मोनोक्लोनल (एकाच साच्याची) ते बघा आणि लॉट नंबर वहीत लिहा. थीसिसमधला बँड वेगळ्या लॉटचा असेल तर तुलनाच होत नाही.

अँटिबॉडी खरी की खोटी हे ठरवायची आजची सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे नॉकआउट. ते प्रथिन मुळातच नसलेल्या पेशींवर चालवायची आणि बँड जातो का बघायचं. लोक त्यासाठी क्रिस्परनं पेशी बनवतात, पैसे मोजतात. तुमच्या लॅबमध्ये कॅस्पेज-३ चा आयता नॉकआउट फ्लास्क भरून वाढतोय! लेन एक, कॅस्पेज-३ असलेल्या हेला पेशी, काही न देता. लेन दोन, हेला, १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (पेशींना अ‍ॅपॉप्टोसिसकडे ढकलणारं रसायन), साधारण चार तास. लेन तीन आणि चार, एमसीएफ-७ वर तेच. दुसऱ्या लेनमध्ये १९ आणि १७, बाकी तीन कोऱ्या, असं आलं तर कुपी चोख. दुसरी लेनही कोरी असेल तर मग ट्रान्सफर, मेंब्रेन, कुपी, ज्याला पकडायचं त्याला पकडा. ही लेन सोबत नसताना नुसता कोरा ब्लॉट काहीच सांगत नाही.

हेला नसतील तर सायटोक्रोम-सी घातलेला जर्कट पेशींचा तयार अर्क विकत मिळतो, पण तो आणखी एक इंडेंट.

जाता जाता, स्टॉरोस्पोरिन जपानच्या सातोशी ओमुरांच्या गटानं १९७७ मध्ये मातीतल्या जिवाणूतून वेगळं केलं. २०१५ चं नोबेल ज्यांना अ‍ॅव्हरमेक्टिनसाठी मिळालं तेच ओमुरा. जपून हाताळा, हातमोजे घालून.

पेट्रीतली_परी

कुपीवालीताई, हेला आहेत, स्टॉरोस्पोरिन खालच्या मजल्यावर आहे. करते.

खरा प्रश्न वेगळाच उभा राहिलाय. मॅडमना कसं सांगू? त्या थीसिसची विद्यार्थिनी त्यांचीच होती, आणि पेपरही निघालाय.

अण्णा_मास्तर

बाळ, जुन्या थीसिसचा विषय तू काढूच नकोस. तू तुझ्या चार लेन घेऊन जा. टेबलावर ब्लॉट ठेवायचा, शेजारी १९९८ चा पेपर ठेवायचा आणि विचारायचं, ‘मॅडम, पुढे कॅस्पेज-७ करू की सेल लाइन बदलू?’ निवड त्यांच्या हातात दिलीस की त्या निवड करतील. जुना पेपर त्यांना आपोआप आठवेल. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं, ते ओझं विद्यार्थिनीनं उचलू नये. मी इतकी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलोय, माझ्यासमोर असं कुणी आलं असतं तर राग आला नसता. रात्री झोप मात्र लागली नसती.

पेपरपंडित

अण्णांशी अर्धा सहमत. ब्लॉट घेऊन जाणं ठीक. पण पेपर छापून आलाय तर विषय टाळून कसं चालेल? उद्या कुणी त्या बँडवर बोट ठेवलं तर या मुलीचंही नाव त्याच लॅबचं असणार.

खारघरचा_खेकडा

पंडितजी, मुद्दा रास्त आहे, पण क्रम अण्णांचा बरोबर. आधी एसटीआर, मग ब्लॉट, मग मॅडम. त्या पेशी एमसीएफ-७ नाहीतच असं निघालं तर थीसिसमधला बँड कदाचित खराच असेल, चूक फक्त फ्लास्कवरच्या नावात.

पेट्रीतली_परी

दिवाळीनंतर वर आणतेय धागा.

हेला आणि स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्ये १९ आणि १७, दोन्ही ठसठशीत. ०.२ च्या मेंब्रेनवर. हेलाच्या कोऱ्या लेनमध्ये काही नाही. एमसीएफ-७ च्या दोन्ही लेन स्वच्छ, तो पन्नासचा पुसट बँड तेवढा चारही लेनमध्ये हजर. माझ्या अर्काच्या लेनमध्ये पार्पचा ८९ चा तुकडा आला आणि कापलेला कॅस्पेज-७ सुद्धा, १२ तासांना सगळ्यात जास्त. एसटीआरही आला, पेशी एमसीएफ-७ च आहेत.

मॅडमनी ब्लॉट बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, ‘ती जुनी मूळ फिल्म कपाटात असेल, काढ.’ फिल्म सापडली. त्यापुढचं इथे लिहीत नाही.

मला दुसरी सेल लाइन घ्यायला सांगितलंय, कॅस्पेज-३ असलेली. एमडीए-एमबी-२३१ चालेल ना?

लेन_नंबर_सात

अभिनंदन! २३१ मध्ये कॅस्पेज-३ आहे. पण एक बघा, एमसीएफ-७ वर इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो, २३१ वर नसतो. तुमचा अर्क त्या रिसेप्टरमार्फत काम करत असेल तर २३१ वर काहीच दिसणार नाही आणि पुन्हा इथे धागा काढाल. टी-४७डी घ्या, रिसेप्टरही आहे आणि कॅस्पेज-३ ही. मात्र एमसीएफ-७ मधला पी-५३ (बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन) धड आहे आणि टी-४७डी मधला बिघडलेला, २३१ मधलाही. तेव्हा पी-५३ चा संबंध असेल तर तिथे फरक पडेल. जमलं तर दोन्ही घ्या.

पेट्रीतली_परी

दोन्ही मागते. २३१ साठी मीडियम डीएमईएमच ना?

खारघरचा_खेकडा

बरेच जण डीएमईएममध्येच वाढवतात, छान वाढतात. आलेल्या व्हायलसोबतच्या कागदावर एल-१५ लिहिलं असेल आणि तेच वापरणार असाल तर फ्लास्क सीओटू इनक्युबेटरमध्ये ठेवू नका. एल-१५ साध्या हवेसाठी बनवलंय, सीओटूत ते आंबट होऊन पिवळं पडतं. ३७ अंशाच्या साध्या इनक्युबेटरमध्ये ठेवा.